जमिनीला कान

बर्डीवर, साडीच्या दुकानाच्या वर
खानझोडे सरांचा क्लास होता.
महिन्याला दीडशे रुपये, आणि रोज एक इंग्रजी वाक्प्रचार
फळ्यावर, खाली दोनदा रेघ मारून.
त्या दिवशीचा : कीप युअर इअर टू द ग्राउंड.
अर्थ : कुठं काय शिजतंय याची कुणकुण ठेवणे.
"ऑफिसात, बाजारात, सासरी, सगळीकडे कामी येते," सर म्हणाले,
"पण बोलण्यात. साहेबाला अर्ज लिहिताना नको."

वाक्यात उपयोग करा.
मी लिहिलं : माझे वडील रोज जमिनीला कान लावतात,
रात्री दोन ते चार.
सरांनी दोन ते चारखाली लाल रेघ ओढली.
"निनावे, हे शब्दशः घ्यायचं नसते.
कोणी खरंच डांबरावर डोकं टेकवते का?"
क्लास हसला.
मीही हसले, थोडं उशिरा.

बाबा पाणी खात्यात होते.
काम : गळती ऐकणे.
चार फुटांची लोखंडी कांब, वर लाकडी वाटी,
कांब रस्त्यावर उभी, वाटी कानाशी,
आणि डोळे मिटलेले, जसं कोणी
आतून दाराला कडी लावावी.

त्या वर्षी नवतप्यात मी त्यांच्यासोबत गेले,
टॉर्च धरायला.
गांधीबागेत रात्री दोनला रस्ता तव्यासारखा
आणि घराघराच्या खिडकीत कूलर घरघरत होते.
बाबा दारोदार जाऊन कडी वाजवत :
"दोन मिनिटं कूलर बंद करा ना जी, पाणी ऐकाचं आहे."
वरच्या गॅलरीतून कोणी ओरडलं, "काहून बे, पागल झाला का?"
तरी बंद केला.
एक, मग दुसरा, मग शेवटचा, कोपऱ्यावरच्या सोनाराचा.

इतकी शांतता मी नागपुरात पुन्हा ऐकली नाही.

"घे," बाबा म्हणाले. "पहिले तुझंच रक्त ऐकू येईन.
ते होऊ दे. मंग खाली उतर."
मी उतरले.
खाली गटार बोलत होतं, जाड आवाजात, बरळल्यासारखं.
"ते नाही. त्याच्या बाजूनं."
आणि त्याच्या बाजूनं, फार बारीक,
कोणी तरी दातांतून श्वास घेत होतं.
बाबांनी खिशातून खडू काढला,
रस्त्यावर फुली मारली.
सकाळी मजुरांनी खणलं तेव्हा पाणी तिथंच होतं,
बोटभर इकडे नाही, तिकडे नाही.

सरांना हे सांगावं असं फार वाटलं.
नाही सांगितलं. इंग्रजीत येत नव्हतं.

मग एका मार्चमध्ये बाबांच्या हाती कागद आला.
गळती आता मशीन ऐकणार, कुठल्याशा कंपनीचं.
बाबा स्टोअरला, रजिस्टर लिहायला.
कॅन्टीनच्या पोराला माहीत होतं.
साहेबांच्या ड्रायव्हरला माहीत होतं.
जगनाडे चौकातल्या पंक्चरवाल्यालासुद्धा.
ह्या कानाचं त्या कानाला करत
ती बातमी आठ महिने शहरभर हिंडली
आणि एकदाही जमिनीखालून गेली नाही.
बाबांनी कागद दोनदा वाचला, घडी केली.
"मले तं काहीच कुणकुण नव्हती," म्हणाले.
मला फळा आठवला. दोन रेघा.
सर बरोबर होते, याचा इतका राग
मला कधी आला नव्हता.

आता बाबा रिटायर आहेत.
उन्हाळ्यात रात्री दोनला उठतात
आणि आमचा कूलर बंद करतात.
आई कूस बदलते, बोलत नाही.
पाठीखाली चटई भिजत जाते.
ते अंधारात उभे, मान किंचित तिरपी,
हात रिकामा.
मी डोळे मिटून पडून असते.
पहिले माझंच रक्त.
ते होऊ देते.
त्याच्या खाली अजून मला एकटीला उतरता येत नाही.